हजेरीपत्रकात नसलेली नावं

स्मरणिकेसाठी आठवण लिहायची म्हटलं की डब्यातले पोहे, गणेशोत्सवातली नाटकं आणि गणिताच्या सरांची पट्टी हे विषय ठरलेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी टोपणनावांवर लिहितो. इंदूरच्या आपल्या या मराठी शाळेत प्रत्येक तुकडीत एखादा ‘मिचक्या’ असे, एखादा ‘खाकऱ्या’, आणि मान हलते म्हणून एखादा ‘नंदीबैल’. बाई ओरडायच्या, “चाळे बंद कर!” आणि तो पोरगा पाच मिनिटं खरंच शांत बसायचा. त्या पाच मिनिटांनीच त्याचा घात केला. थांबवता येतं म्हणजे मुद्दाम करतो, असा हिशेब सगळ्यांनी मांडला, आणि तो चुकीचा होता.

या प्रकाराला टिक म्हणतात. घड्याळाच्या टिकटिकीला ताल असतो, हिला नसतो. डोळे मिचकावणं, नाक ओढणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं, मधेच बारीक ‘हं’ करणं, असं काहीतरी झटकन होतं आणि पुन्हा पुन्हा होतं. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियामध्ये, कोणती हालचाल पुढे सोडायची आणि कोणती अडवायची हे ठरत असतं. तिथली अडवणूक सैल पडली की नको असलेली हालचाल निसटते. डोपामिन या रसायनाचा त्यात हात असतो. आनुवंशिकताही असते, त्यामुळे मुलाचं निदान झाल्यावर “लहानपणी यांचंही असंच व्हायचं” हे आजीला आठवतं.

शिंक येण्याआधी नाकात जसं हुळहुळतं, तसं बऱ्याच मुलांना टिकच्या आधी त्या जागी काहीतरी दाटून आल्यासारखं वाटतं. टिक झाली की क्षणभर मोकळं वाटतं. शिंक आपण थोडा वेळ दाबू शकतो, पण म्हणून शिंक मुद्दाम काढली असं कोणी म्हणत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना ही आधीची जाणीव बहुधा ओळखता येत नाही, तेव्हा “आधी काय वाटतं, सांग बरं” असं त्यांना खोदून विचारण्यात अर्थ नाही.

सुरुवात साधारण पाच ते सात वर्षांत होते आणि जोर दहा-बारा वर्षांच्या सुमारास, म्हणजे पाचवी ते सातवीत, सर्वांत जास्त असतो. पुढे बहुतेकांच्या टिक खूप कमी होतात. मुलींच्या तिप्पट-चौपट मुलगे आढळतात. अनेक हालचाली आणि किमान एक आवाज, हे सगळं अठराव्या वर्षाआधी सुरू होऊन वर्षाहून जास्त टिकलं, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. हालचाल आणि आवाज एकाच काळात असायला हवेत असं नाही. वर्षाच्या आत थांबणाऱ्या टिक याहून कितीतरी जास्त मुलांना होतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोच्या हाताखाली काम करणाऱ्या जिल द ला तूरेतने १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. टूरेट म्हणजे तोंडातून शिव्या, हा समज मात्र सोडून द्यावा. तसं दहातल्या एखाद-दुसऱ्यालाच होतं.

आपल्याकडे निदानाची वाट मोठी वळणाची. मिचकावतो म्हणून चष्म्याचा नंबर, मग डोळ्यांत थेंब. खाकरतो म्हणून खोकल्याचं औषध, ॲलर्जीच्या गोळ्या, शेवटी नाक-कान-घसा. त्यातलं काहीच लागू पडलं नाही की नजर उतरवायची. गंमत म्हणजे हे सगळे उपाय ‘लागू पडल्यासारखे’ वाटतात. टिक मुळात चढत-उतरत राहते, आठवडेच्या आठवडे गायब होते, जागाही बदलते. आईबाप उपाय शोधायला निघतात ते ती चढलेली असताना, आणि ती पुढे उतरणारच असते. श्रेय ताईताला मिळतं.

डॉक्टरकडे नेल्यावर आणखी एक अडचण येते. अनोळखी खोलीत मूल नकळत टिक दाबतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. घरी निवांत टीव्ही बघताना दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्यावा. निदान मुख्यतः माहितीवरून आणि निरीक्षणावरून होतं, त्यामुळे एमआरआय आणि ईईजी बहुतेक वेळा लागत नाहीत. काही खुणा मात्र वेगळ्या असतात. काही सेकंद एकटक बघत राहून हाक मारली तरी भान नसणं, हे फिट्सचं लक्षण असू शकतं. घसादुखीनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या वेड्यावाकड्या, सतत वाहत्या हालचाली सुरू झाल्या, वस्तू हातातून पडू लागल्या, अक्षर एकदम बिघडलं, तर तो संधिवाताच्या तापातला (ऱ्हुमॅटिक फीव्हर) कोरिया नावाचा विकार असू शकतो, आणि तिथे हृदय तपासावं लागतं. अशा वेळी थांबू नये.

सौम्य टिकला औषध लागत नाही. त्रास होत असेल तर आधी वर्तनोपचार करतात: साधारण दहा आठवड्यांत आठ बैठका. सर्वांत जास्त छळणारी एकच टिक निवडायची. ती येण्याची पहिली चाहूल मुलाला ओळखायला शिकवायची आणि चाहूल लागताच तिच्या आड येणारी दुसरी हालचाल धरून ठेवायची, एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. मान झटकत असेल तर हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणायचे. खाकरत असेल तर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास. मिचकावत असेल तर तीन ते पाच सेकंदांनी एकदा, मुद्दाम, हळू पापणी लवायची. २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवर प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५२.५ टक्के मुलं सुधारली, नुसती माहिती आणि आधार मिळालेल्यांत १८.५ टक्के. सगळी हिकमत ‘दुसरी हालचाल’ नीट निवडण्यात आहे. ती टिकहून जास्त नजरेत भरली तर मूल चार दिवसांत सोडून देतं. औषधांपैकी क्लोनिडीनने झोप येते, आणि ते मनाने एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो. रिस्पेरिडोनने वजन वाढतं.

आता शाळेबद्दल, कारण ही स्मरणिका शिक्षकांच्या खोलीतही पोचेल. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवू नका. मागे चाळीस डोळे असतात. बाजूचा, दाराजवळचा बाक द्या आणि खूण ठरवा. त्याने कंपासपेटी उभी ठेवली की न विचारता दोन मिनिटं बाहेर जाऊन यायचं. टिककडे दुर्लक्ष करा, मुलाकडे नको. “करू नकोस” म्हटलं की टिक वाढते, नुसता विषय काढला तरी येते. वर्गात दाबून धरल्याने घरी दुपटीने उसळते असं पालक सांगतात, पण मोजून पाहिलेल्या प्रयोगांत पूर्वीपेक्षा वाढ दिसलेली नाही. दाबण्याची खरी किंमत एकाग्रतेत मोजावी लागते. जे मूल मान धरून बसलंय, त्याच्या कानावर अपूर्णांक पडतच नाहीत. म्हणून परीक्षेला शक्य तर वेगळी खोली द्यावी. तिथे त्याला खाकरता येतं आणि इतरांचाही खोळंबा होत नाही.

टिकसोबत अनेकदा चंचलता (एडीएचडी) किंवा मंत्रचळ (ओसीडी) असतो, आणि अभ्यासाचं नुकसान बहुधा त्यांच्यामुळे होतं. एकच ओळ खोडून खोडून पान फाटत असेल तर तो गलथानपणा नसेल, तेही डॉक्टरांना सांगावं. उलट तबला, खो-खो, चित्रकला अशा गोष्टींत मन रमलं की टिक कमी होते. “खेळताना बरं होत नाही तुला!” हा टोमणा तिथूनच येतो आणि तितकाच चुकीचा आहे. परीक्षा, अपुरी झोप, गणपतीतली किंवा रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीच्या दिवसातली उत्तेजना यांनी ती चढते, पण म्हणून मुलाला घरी कोंडायचं कारण नाही.

वर्गाला सांगायचं असेल तर आधी मुलाची आणि पालकांची संमती घ्या. सांगताना तो वर्गात असेल की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. दहा मिनिटं पुरतात. एक मिनिट सगळ्यांना पापणी न लवता बसायला लावा, बाकी फारसं समजवावं लागत नाही. मग सांगा की टिक संसर्गजन्य नाही, नक्कल केली तर त्याला जास्त होतं, आणि आपण आपलं काम चालू ठेवायचं.

वर्ग बदलताना पुढच्या वर्गशिक्षकांसाठी चिठ्ठी जरूर द्या. तिच्यात टिकचं वर्णन लिहू नका, नवं सत्र उजाडेपर्यंत ती बदललेली असेल. बाक कुठला होता, खूण कोणती ठरली होती, परीक्षेला काय व्यवस्था केली आणि वर्गात कोणता मित्र न सांगता वही पुढे सरकवतो, एवढं लिहा.