चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं आणि सोसायटी एनओसी देईना

मी रेल्वेत लिपिक होते, 34 वर्षं. त्यातली 26 वर्षं कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेली. मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, आणि डोक्यावर छप्पर होतंच. स्वतःचं घर घेणं मागे पडत गेलं. म्हाडाच्या लॉटरीत दोनदा अर्ज भरला, नंबर लागला नाही, अनामत रक्कम परत आली. ज्यांना अजून चारपाच वर्षं नोकरी आहे त्यांनी अधिवास दाखला आत्ताच काढून ठेवा आणि दर वेळी अर्ज भरा. मी फार उशिरा सुरुवात केली.

30 एप्रिलला निवृत्त झाले. निवृत्तीनंतर रेल्वेचं क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्यात ठेवता येतं. पुढचे चार महिने दुप्पट भाड्याने मिळतात, पण मुलांचं शिक्षण किंवा आजारपण हे कारण लागतं. आमच्याकडे शिकणारं मूल नाही आणि खोटा वैद्यकीय दाखला मला आणायचा नव्हता. म्हणजे 31 ऑगस्ट. त्यापुढे राहिलं तर दंडाचं भाडं लागतं आणि निवृत्तीनंतरचे पासही कापतात. सगळ्यात मोठी गोष्ट, क्वार्टर रिकामं होईपर्यंत ग्रॅच्युइटी अडवून ठेवतात. माझं सगळं गणित तिथेच अडलं. ग्रॅच्युइटी आल्याशिवाय घराचे पैसे पुरे होत नव्हते, आणि घर मिळाल्याशिवाय क्वार्टर सोडता येत नव्हतं.

घर मात्र पटकन सापडलं. टिटवाळ्यात, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं, पहिला मजला, वन बीएचके, रीसेल. विकणारे काका मुलाकडे राहायला चालले होते, सरळ माणूस. पीएफ आणि 300 दिवसांच्या रजेचे पैसे निवृत्तीबरोबर मिळाले, त्यातून बहुतेक रक्कम उभी राहिली. आठ लाख कमी पडत होते. तेवढं पेन्शनच्या आधारावर बँकेचं गृहकर्ज घ्यायचं आणि ग्रॅच्युइटी आली की फेडून टाकायचं असं ठरवलं. करार फक्त माझ्या नावावर केला, म्हणून मुद्रांक शुल्कात बायकांना मिळणारी 1 टक्क्याची सवलत मिळाली. नोंदणी एका सकाळीच उरकली. मे महिन्याचा मध्य होता तो.

बँकेने सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, मागितली आणि मी अडकले.

सेक्रेटरींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, मीटिंग झाली की देतो." मीटिंग जूनमध्ये होती, ती कोरमअभावी तहकूब झाली. दुसऱ्या खेपेला चेअरमन गावी. तिसऱ्या खेपेला खरं कारण बाहेर आलं: "नवीन मेंबर येतो तेव्हा इमारत निधीला दीड लाख द्यायची आमच्याकडे पद्धत आहे." मी म्हटलं, पावती द्याल? तर म्हणाले, "त्याचं नंतर बघू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुद्रांक शुल्क भरून झालेलं, बहुतेक पैसे काकांना दिलेले, क्वार्टरची तारीख जवळ येत चाललेली. हे म्हणाले, देऊन टाकू या, सुटू एकदाचे. मुलगीही तेच म्हणाली. मीसुद्धा मुदत ठेव मोडायच्या विचारात होते. पण 34 वर्षं मी नियमांच्या फायली हाताळल्या. नियम न बघता दीड लाख द्यायला मन तयार होईना.

म्हणून काकांकडून सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे नियमावलीची, प्रत मागवली. तुम्ही ती टोकन देण्याआधीच मागवा, मी उलटं केलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. कोणी मागितलीच तर समितीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी जी रक्कम घेते त्या हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा शासनाच्या 9 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ठरलेली आहे. महानगरपालिका क्षेत्रात ती 25,000 रुपये आहे, आणि टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतं. त्याशिवाय हस्तांतर शुल्क 500 आणि प्रवेश फी 100. देणगी म्हणून किंवा दुसऱ्या कुठल्या नावाखाली याहून जास्त रक्कम सक्तीने घेता येत नाही. अधिमूल्य खरं तर विकणाऱ्याने भरायचं असतं. ते काकांनी आणि मी निम्मं निम्मं वाटून घेतलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकांच्या सहीने अर्ज लिहिला. नियम, आदेशाची तारीख, 25,000 चा धनादेश तयार असल्याचा उल्लेख, आणि शेवटी "निर्णय लेखी कळवावा". सेक्रेटरी पोच द्यायला तयार नव्हते, म्हणून तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना दिली. तिथला शिक्का असलेली पोच आजही माझ्या फाइलमध्ये आहे. तोंडी मागत होते ते दोन महिने माझे फुकट गेले. पहिल्या दिवशीच लेखी दिलं असतं तर जूनमध्येच सामान हललं असतं.

तरी तीन आठवडे काही हललं नाही. रोज सकाळी फोन करायची. एकदा सेक्रेटरी चिडून म्हणाले, "तुम्ही तर थेट तक्रारच केलीत." मी म्हटलं, तक्रार नाही साहेब, उत्तर मागितलंय. 4 ऑगस्टला एनओसी मिळाली, 25,000 च्या पावतीसकट. इमारत निधीचा विषय पुन्हा निघाला नाही. जिन्यात उभी राहून मी ते पत्र दोनदा वाचलं आणि तिथूनच ह्यांना फोन केला. मला रडू आलं, खरं सांगते.

त्यानंतर बँकेने आठवड्यात चेक काढला आणि किल्ली मिळाली. क्वार्टर 27 ऑगस्टला सोडलं. आधी विजेच्या मीटरचं शेवटचं रीडिंग स्वतःसमोर घेऊन बिल भरा, आणि ताबा देताना पंखे, नळ, खिडक्यांची यादी दोघांच्या सहीने करून घ्या. त्या कागदाशिवाय ग्रॅच्युइटीची फाइल पुढे सरकत नाही.

ग्रॅच्युइटी पाच आठवड्यांनी जमा झाली, कर्ज फिटलं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदाच्या भागांचा दाखला) माझं नाव अजून चढलेलं नाही. सभासदत्वाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय दिला नाही तर कायद्याने सभासदत्व मिळाल्याचं मानलं जातं. अर्ज दिला त्या तारखेपासून तीन महिने मोजून मी कॅलेंडरवर खूण केली आहे, आणि या वेळी पोच पहिल्याच दिवशी घेतली आहे.