केस कापायचं यंत्र: .३०८ साठी ट्रिमरचा शोध, महिना तिसरा

पार्सलवर ‘केस ट्रिमर’ वाचून बायको म्हणाली, "अरे, आता हजामतही घरीच का?" तिला पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, दाखवली, तर म्हणते, याला तर टक्कलच आहे. असो. फायर झालेली काडतुसं घरीच पुन्हा भरायच्या माझ्या छंदात गेल्या नोंदीत साइझिंग डायपर्यंत, म्हणजे केस दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यापर्यंत, आलो होतो. पुढचे तीन महिने फक्त ट्रिमिंगमध्ये, म्हणजे केसचं तोंड कापून लांबी मापात आणण्यात, गेले, आणि त्यातला दीड महिना माझ्याच मूर्खपणात.

आधी हिशेब. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून आणायची २.००५ वर. म्हणजे खेळायला दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फायर झाल्यावर केस फुगते, फुल-लेंग्थ डायमध्ये दाबली की पितळ वाट मिळेल तिकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या मानेकडे सरकतं. वर मान आतून रुंद करणारा एक्सपांडर बाहेर येताना मान आणखी ओढतो. (मानेत आतून थोडं ल्युब (वंगण) लावलं की हे ओढणं बरंच कमी होतं. मला हे चाळीस केस कापून झाल्यावर समजलं.) लांबी हद्दीपलीकडे गेली की केसचं तोंड चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पुढच्या कडेवर जाऊन टेकतं, गोळीभोवती आवळतं आणि दाब नको तितका चढतो. म्हणून मोजमाप नेहमी साइझ केल्यानंतरच घ्यायचं. मी पहिल्यांदा आधी मोजलं, ‘सगळ्या बसतात’ म्हणून खूश झालो, आणि साइझ केल्यावर निम्म्या हद्दीबाहेर निघाल्या.

पहिला ट्रिमर जुन्या सामानात स्वस्तात मिळाला. हाताने फिरवायचा, केसचं बूड कॉलेटमध्ये (आवळणाऱ्या पकडीत) पकडणारा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष बहुतेक माझ्या केसचाच होता. दहा केस कापल्या, कॅलिपर लावलं, तर सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांत सहा थाऊंचा फरक. स्टॉप घट्ट केला, कटर बदलला, पुन्हा तेच.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. बाबा पिंपरीत तीस वर्षं लेथवर होते. बंदुकीशी त्यांचा संबंध शून्य, पण जॉबशी, म्हणजे यंत्रात पकडलेल्या तुकड्याशी, आहे.

"अरे, तू मोजतोस कुठून?"

"बुडापासून, बाबा."

"आणि पकडतोस?"

"तेही बुडालाच. कडेच्या रिमला."

"मग रिम बघ की आधी."

रिम बघितली. ही पितळं क्लबमधल्या मित्राच्या सेमी-ऑटो रायफलमधली. रिकामी केस बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरने प्रत्येक रिमला चावा घेतलेला, कुठे बर (धातूची खरखरीत कड) उठलेली. कॉलेट आवळला की कुठली केस दोन थाऊ मागे ओढली जाई, कुठली चार. जिथे जॉब टेकतो तिथेच कचरा, मग कटरने काय करावं? फाइलने बर काढली तेव्हा फरक अर्ध्यावर आला. पण शंभर रिमांवर फाइल चालवायला मी इकडे अमेरिकेत आलेलो नाही.

एवढ्यावरून उमजलं की ट्रिमर निवडताना किमतीआधी एकच गोष्ट विचारायची: हा केसला कुठे टेकवतो?

ली कंपनीचा सर्वांत स्वस्त प्रकार पिनवर चालतो. पिन केसमधून आत शिरून फ्लॅश होलमधून, म्हणजे बुडाच्या मधल्या छिद्रातून, बाहेर येते आणि खालच्या स्टडला टेकते, तिथे कटर थांबतो. लांबी कारखान्यातच ठरलेली, बिघडायला काही नाही, बदलायलाही काही नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी केली नाही, कारण दिसायला ते फारच खेळण्यासारखं वाटलं.

दुसरा प्रकार खांद्यावर, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते त्या भागावर, टेकणारा. लिटल क्रो कंपनीचा डब्ल्यूएफटी नावाचा ट्रिमर क्लबमध्ये एकाकडून दुपारभर मागून घेतला. ड्रिलला लावायचा, केस हातात धरून आत दाबायची, खांदा टेकला की कापणं बंद. केसला पाच-सहा सेकंद, आणि तोंड अगदी काटकोनात. वेगाच्या बाबतीत याला तोड नाही. मात्र लांबी खांद्यावरून मोजली जाते, त्यामुळे साइझ करताना खांदा एक-दोन थाऊ इकडेतिकडे झाला की तेवढाच फरक लांबीत उतरतो. माझ्या केसमध्ये दोन थाऊ उतरला. दोनशे यार्डांवर त्याने काय बिघडतं? खरं तर काहीच नाही. .२२३ काडतुसं शेकड्यांनी भरणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा.

माझी अडचण वेगळी. ओहायोत हरणाच्या मोसमात रायफल वापरायची तर सरळ भिंतीची केसच चालते. २०१४ पासून तेवढीच मुभा आहे. म्हणून घरात .३५० लेजंड काडतुसाची रायफलही आहे, आणि त्याच्या केसला खांदाच नाही. टेकवणार कुठे? शिवाय ती केस चेंबरमध्ये तोंडावरच टेकून बसते, त्यामुळे जास्त कापून चालत नाही. तिथे बुडापासून मोजणं भाग आहे.

शेवटी विल्सन कंपनीचा ट्रिमर घेतला. ही कंपनी वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमीर गावची, आणि गावाचं नाव खरंच आपल्या काश्मीरवरून पडलंय. यात केस रिमला पकडतच नाहीत. पोलादी होल्डरमध्ये ती सरकवायची, हलकी टिचकी मारायची, अंगाच्या उतारावर ती आवळून बसते. होल्डर दोन दांड्यांवर ठेवायचा, बुडाला स्टॉप, तोंडाला कटर. मागे ओढणारं कुणी नाही. होल्डर मात्र केसप्रमाणे वेगळा घ्यावा लागतो, आणि फायर झालेल्या व नव्या केससाठीही वेगवेगळे मिळतात. ऑर्डर करताना नीट बघा, मी पहिल्यांदा चुकीचा मागवला.

त्याच चावलेल्या रिमांच्या दहा केस कापल्या: दीड थाऊच्या आत सगळ्या. बाबांना कॅलिपरचा आकडा दाखवला तर म्हणाले, "कॅलिपर काय दाखवतोस, मायक्रोमीटर घे."

वेग कमी आहे, हे मान्य. टिचकी, कापणं, पुन्हा टिचकी मारून बाहेर, अशी केसला पाऊण मिनिटं. वर आतून-बाहेरून चॅम्फर (तोंडाची कड घासून उतरती करणं) हाताने. मोटरवर चालणारे टेबलावरचे ट्रिमर हे सगळं एका दमात करतात, पण त्यांची किंमत ऐकून बायको खरोखर माझी हजामत करेल.

काल संध्याकाळी .३०८ च्या ४२ केस झाल्या. दोन बाद केल्या, एकीच्या मानेला चीर होती, दुसरीच्या बुडाजवळ चकचकीत रेघ दिसली. ती रेघ दिसली की केस फेकायचीच, ट्रिमर कितीही चांगला असो. उरलेल्या ४० धुऊन, तोंड खाली करून डब्यात ठेवल्या आहेत. .३५० चा होल्डर अजून यायचाय.