हुशार मुलांना जादा गणितं देऊ नका

सहावीतल्या एखाद्या मुलीला अपूर्णांक आधीच येतात असं वाटलं, तर धडा सुरू होण्यापूर्वीच त्याची घटक चाचणी तिला सोडवायला द्या. १० पैकी ९ बरोबर आली की रोजचा सराव माफ. चुकलेलं एक मात्र नीट बघा. खरी उणीव अनेकदा तिथेच असते. तेवढंच शिकवा.

वाचलेल्या तासिकांना एकच कठीण प्रश्न द्या: १ ते १०० मधल्या कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम येते, आणि का? ‘का’ लिहूनच घ्यायचं, तोंडी नाही. त्याऐवजी तीच उदाहरणं दुप्पट दिली, तर मूल मुद्दाम रेंगाळायला शिकतं. फार वाईट वाटतं ते पाहून.

योजना विषयवार ठेवा. गणितात पुढे असलेली मुलगी निबंधात वर्गाबरोबरच असू शकते.