'झो'चा खण पुन्हा उपसला: दोन पाकिटांनी घातलेला घोळ

शास्त्रीय नावांतल्या ग्रीक तुकड्यांची कार्डं आपण खणाखणांत लावतोय, आणि मागच्या नोंदीत 'झो'चा खण पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं. तो पुन्हा उपसावा लागला, आणि कारण आपल्या जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात दिसेल: जिवाणू खतांची दोन पाकिटं, हरभऱ्यासाठी रायझोबियम आणि कपाशीसाठी अॅझोटोबॅक्टर. दोन्ही नावांत 'झो' ऐकू येतो म्हणून दोन्ही कार्डं लाल गटात, म्हणजे 'प्राणी' अर्थाच्या गटात पडली होती. दोन्ही चुकली, आणि दोन्हींची चूक वेगळी.

लाल गटाचा मूळ शब्द ग्रीक 'झोऑन', म्हणजे जिवंत असलेलं, प्राणी. प्रोटोझोआ (एकपेशी जीव), झूनॉसिस (प्राण्यांकडून माणसाला होणारा रोग), झूप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) सगळे त्याचे. त्याचा सख्खा भाऊ 'झोए', म्हणजे जीवन. अॅझोटोबॅक्टर या भावाकडचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये नत्रवायूला 'अझोत' नाव दिलं: 'अ' नकाराचा, पुढे 'झोए'. नुसत्या नत्रात जीव गुदमरतो म्हणून. हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूला १९०१ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी तेच नाव जोडलं. कार्ड हिरव्या, म्हणजे 'जीवन' अर्थाच्या गटात गेलं. मेसोझोइक, म्हणजे डायनोसॉरचं युग, तेही तिथेच हवं. त्या युगाच्या नावात नुसते प्राणी नाहीत, सगळी जीवसृष्टी आहे. झूस्पोर मात्र लालच राहील, कारण तो बीजाणू शेपटीसारख्या तंतूने पाण्यात पोहतो आणि नाव त्या हालचालीवरूनच पडलंय.

रायझोबियममधला 'झ' तर प्राण्याचाही नाही, जीवनाचाही नाही. तो 'ऱ्हिझा'चा, म्हणजे मुळाचा. मधला 'ओ' फक्त सांधा, आणि पुढे 'बिओस', म्हणजे जीवन. कपाशीच्या मूळकुजीतली बुरशी रायझोक्टोनियाही तशीच: मूळ मारणारी.

आता चाळणी कशी लावायची? ग्रीकमध्ये दोन 'ओ' आहेत: दीर्घ ओमेगा, ऱ्हस्व ओमिक्रॉन. झोऑन आणि झोए यांत झ-नंतर ओमेगा येतो. सांध्याचा 'ओ' ओमिक्रॉन असतो. पण आपण दोन्ही 'ओ' असेच लिहितो, म्हणून कार्डावर फरक दिसतच नव्हता. उपाय देवनागरीतच निघाला: ऱ्हस्व ओसाठी 'ऒ' आणि त्याची मात्रा 'ॊ'. झोऒन, पण ऱ्हिझॊ. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळमांडणीत ही मात्रा १ च्या डावीकडच्या कळीवर आहे आणि शिफ्ट दाबून अक्षर येतं. मोबाइलच्या बऱ्याच मराठी कळपाट्यांवर ती सापडत नाही, त्यामुळे या कामाला संगणकच बरा. हाताने लिहिणाऱ्यांनी २५० जीएसएमचं, म्हणजे जाड कार्ड घ्यावं. पातळ कागदावर शाई फुटली की ॊ आणि ो एकसारखे दिसतात, आणि सगळी चाळणी त्याच एका वळणावर उभी आहे.

चाळणी लावली आणि होरायझन अडकला. त्यात झ-नंतर खरोखर ओमेगा आहे, तरी तो परका. ओझोनही परकाच. कारण इथे 'झ' धातूचा आहे: 'ओझेइन' वास येणे, 'होरिझेइन' सीमा आखणे. 'ओन' हा नुसता प्रत्यय. वास येणारा, सीमा आखणारा. म्हणून दुसरी पायरी: झ-च्या आधीचा तुकडा एकटा अर्थ देतो का पाहा. 'प्रोटो' (पहिला) देतो, 'मेसो' (मधला) देतो, 'अ' नकार म्हणून देतो. नुसता 'ओ' किंवा 'होरि' काहीच देत नाही. दोन्ही पायऱ्या पार करेल त्यालाच लाल किंवा हिरवी शाई. बाकीचे पेन्सिलीने.

या खटाटोपात जे हाती लागलं त्यापुढे उपसलेला खण काहीच नाही. झोऑनचा धातू आणि आपला 'जीव' एकाच मुळाचे! मूळ ध्वनी ओठ गोल करून म्हटलेला 'ग्व'. संस्कृतात 'ई'पुढे त्याचा 'ज' झाला: जीव. ग्रीकमध्ये 'य'शी मिळून 'झ' झाला: झोए. आणि ग्रीकमध्येच 'इ'पुढे 'ब' झाला: बिओस. म्हणजे रायझोबियममध्ये नातं आहेच, फक्त 'झो'त नाही, 'बि'त आहे. त्या पाकिटावर वर छापलेलं 'जैविक खत' आणि खालचं लॅटिन नाव, दोन्हींत तोच एक शब्द.

त्यामुळे बेत बदलतोय. पुढचा खण 'थेरियम'चा, म्हणजे रानटी जनावराचा होता, तो पुढे ढकलून आधी 'जीव' आणि 'प्राणी' यांची जोडकार्डं करायची. प्राणीतला 'अन्' म्हणजे श्वास घेणे, लॅटिन 'अॅनिमा' त्याच मुळाचा, म्हणजे अॅनिमल आणि प्राणी हीसुद्धा जोडी. जनावर फारसीतून आलेलं: 'जान' असलेलं. प्रत्येक कार्डावर तीन रकाने: मूळ तुकडा, ध्वनी कसा बदलला, मराठीतला नातेवाईक. तिसरा रिकामा राहिला तरी चालेल, ओढूनताणून भरू नये.

एक कार्ड मात्र या आठवड्यातच लिहून टाकू: हेटेरोग्लॉक्स, 'वेगळं घुबड'. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याला दिलेलं नाव. नामशेष मानलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आता तो अथेनी प्रजातीत मोडतो, पण 'ग्लॉक्स'चा खण उघडायचा तर पहिलं कार्ड त्याचंच.