स्टोक रोचा आड, 1:72 : सहावा रविवार

स्टोक रोच्या आडाचं, खऱ्याच्या एक बहात्तरांश मापाचं मॉडेल करतोय. त्याचा घुमट एकदाचा उभा राहिला. पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापला, वर मण्यांचा कळस, खाली टूथपिकचे खांब. जमिनीवरचा खरा भाग 23 फूट, माझा पावणेदहा सेंटिमीटर. इथवर कुणालाही जमेल. कटकट खाली आहे.

नव्यानं आलेल्यांसाठी: स्टोक रो हे ऑक्सफर्डशरमधलं, चिल्टर्न टेकड्यांवरचं खेडं. जमिनीखाली खडूचा खडक, पाणी झिरपून पार खोल जातं. लोक डबक्यांतलं, मातीच्या खड्ड्यांतलं पाणी प्यायचे. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. 1831 मध्ये त्यांनी आझमगडला विहीर खोदून घेतली होती. घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून आईनं पोराला बदडलं, ही गावाकडची गोष्ट त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितली. महाराजांनी ती ध्यानात ठेवली आणि स्वखर्चानं आड दिला. 1863 मध्ये खोदाई सुरू, 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, गावाला खुला. माझं आजोळ दुष्काळी माण तालुक्यातलं. त्या पोराचा मार मला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

विहीर न म्हणता आड म्हणतो, कारण व्यास जेमतेम 4 फूट आणि खोली 368 फूट. सगळी हातानं खोदलेली. कुतुबमिनारची उंची आत मोजली तरी खाली 130 फूट उरतात.

1:72 ला व्यास 17 मिलिमीटर. लाइट फिटिंगचा 20 चा पाइप आतून साधारण तेवढाच भरतो, हा शोध माझा! लांबी मात्र 156 सेंटिमीटर. टेबलाला भोक पाडायला घरून परवानगी नाही, म्हणून मॉडेल माळ्याच्या कडेला बसवलं आणि पाइप दाराशेजारी लोंबतोय. तो उभा चिरून वर माती-खडीचा तांबूस रंग दिला, खाली नुसता पांढरा. मध्यावर 24 मिलिमीटरचा खोदणारा माणूस. त्याच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो.

रहाटावर सोनेरी हत्ती आहे. एम-सीलचा पहिला हत्ती डुकरावर गेला. दुसरा वाळतोय.

राखणदाराचं अष्टकोनी घर पुढच्या आठवड्यात. बाजूला चेरीची बाग, 'ईश्री बाग'. पाणी फुकट, देखभालीचा खर्च चेरी विकून काढायचा अशी योजना होती. पण झाडांना मोहरी चिकटवली तर या मापात चेरी नारळाएवढी दिसते, खसखससुद्धा संत्र्याएवढी. नुसते लाल ठिपकेच देईन.

1964 मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा आडात गंगेचं पाणी ओतलं होतं. आमच्या देवघरात गंगेचा गडू आहे. तळाला रेझिन ओतण्याआधी त्यातला एक थेंब टाकायचा बेत आहे. आईला अजून विचारलेलं नाही.

पोहरा सध्या 90 सेंटिमीटरवर, चिरलेल्या खरबरीत कडेला अडकतो. शिवणाचा दोरा सोडून तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वापरून बघतो. कुणी वापरून बघितली असेल तर सांगा, रहाटावर नीट गुंडाळली जाते का?