पाय चेपणे

आजीचे पाय चेपायचा दर ठरलेला होता. एका पायाला एक गोष्ट. गोष्ट सांगता सांगताच ती घोरायला लागे. आपण हळूच हात काढून घ्यावा, तर डोळे न उघडता म्हणे, ‘‘जागी आहे मी.’’ चेपण्यातलं माझं शिक्षण एवढंच. तेवढ्या भांडवलावर एका आषाढी वारीत मी सासवडला वारकऱ्यांचे पाय चेपायला जाऊन बसलो.

सासवडच का, तर पुणे ते सासवड ही माऊलींच्या पालखीची फार दमवणारी मजल. तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाटाचा चढ. घाटातल्या गर्दीचे फोटो फार देखणे येतात. पोटऱ्यांचे फोटो कुणी काढत नाही.

आमच्या गटात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिनं आम्हा हौशी मंडळींना वीस मिनिटांत तयार केलं. घोट्याकडून गुडघ्याकडे, वरच्या दिशेनं हात न्यायचा. फोडाला हात लावायचा नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर जोर द्यायचा नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम लागली तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तिला हाक मारायची. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळताना ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. हे ऐकल्यावर आमच्यातल्या दोघांनी चहा वाटपाकडे बदली मागून घेतली.

मी विचारलं, तेल कुठलं चांगलं? खोबरेल, तिळाचं, की ते झोंबणारं हिरवं? ती म्हणाली, ‘‘कुठलंही. हात सरकला म्हणजे झालं.’’ आमच्या घरी तेलावरून झालेली भांडणं आठवून मला वाईट वाटलं.

चोळल्यानं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, हे माझं दुसरं ज्ञान. तेही तिनं काढून घेतलं. ते ॲसिड म्हणे चालणं थांबल्यावर तास-दीड तासात आपलं आपणच निघून जातं. दुसऱ्या दिवशी उठताना जे ‘आई गं’ होतं, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. मग चोळून होतं तरी काय? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचा निरोप तिथं पोचला की वेदनेच्या निरोपासाठी ते अर्धं बंद होतं. ठेच लागलेलं पोर कुणी न शिकवता अंगठा धरून चोळत बसतं ना, ते यासाठी.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. वारकऱ्याच्या पायाला हात लावला की तो पाय ओढून घेतो. ‘‘नको, नको माऊली.’’ हट्टानं चेपलेच, तर उठताना तो तुमच्याच पाया पडतो. दिवसभर मी जितक्यांचे पाय धरले, तितकेजण माझ्या पाया पडून गेले. हिशेब जिथल्या तिथे.

एरवी आपण पायाला हात लावतो म्हणजे काय, तर बोटांची टोकं टेकवतो. अख्खं पाऊल मांडीवर आलं की कळतं, ते केवढं जड असतं. चपलेनं पाडलेला घट्टा, बोटांच्या बेचक्यात चिखल, टाचेच्या भेगेत हडपसरपासून सोबत आलेली बारीक खडी. पुंडलिकाला यातलं सगळं ठाऊक असणार. आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात देव आला, तर उठला नाही. वीट भिरकावून म्हणाला, थांब. चेपणं चालू आहे म्हणून ज्याला ताटकळावं लागलं असा देव दुसरा माझ्या ऐकण्यात नाही. आणि ही सगळी पावलं त्यालाच भेटायला निघालेली.

तिसऱ्या तासाला माझे अंगठे गेले. दाबायला गेलं की मनगटापर्यंत कळ. समोर हिरव्या नऊवारीतल्या एक आजी होत्या. पाय द्यायला मुळीच तयार नव्हत्या, सुनेनं बळंच बसवलेल्या. मी दोनदा पोटरी दाबली नि त्यांनी माझं तोंड पाहिलं.

‘‘हात दुखतुय व्हय रं?’’

‘‘नाही, नाही.’’

‘‘आंगठ्यानं कुठं दाबत्यात? म्हशीची धार कवा काढली न्हाईस जणू. धारंला मूठ लागती, आंगठा न्हाई. तळव्यानं वड.’’

फिजिओथेरपिस्ट मुलगी बाजूलाच होती. ती हसली, तिनंही सकाळी हेच सांगितलं होतं, पण म्हैस न घालता.

मी तळहात लावेपर्यंत आजींनी पाय आखडून घेतला होता. माझा उजवा हात ओढून त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला, वाटीतलं तेल बोटावर घेतलं आणि माझ्या अंगठ्याच्या बुडाशी गोल गोल रगडायला लागल्या. मागे रांग लागलेली. सून म्हणाली, ‘‘अवो आत्या, लोकं थांबल्यात.’’

‘‘थांबू दे,’’ त्या म्हणाल्या, आणि डावा हात मागितला.