‘कमळ’ येतं, ‘मराठी’ येत नाही

माझी आत्या कऱ्हाडला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने एकच उद्योग धरला. आजीकडून आणि आळीतल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ती टाईप करते, कधी मोबाईलवर, कधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर. आता सव्वासहाशेच्या आसपास झाल्यात. दिवाळीत मला म्हणाली, “अगं, तू कंप्यूटरवाली ना? मग मला सांग, या सगळ्यांत कुठला शब्द किती वेळा आलाय. मला वाटतं ‘माहेर’ पहिलं येणार.”

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत खरंच पाच मिनिटांचं आहे. फाईल उघडायची, रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सांकेतिक सूत्राने, शब्द वेगळे करायचे, मोजायचे. शब्द ओळखण्यासाठी सगळं जग बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) वापरतं. तो म्हणजे ‘शब्दात येणारं कुठलंही अक्षर’. त्यापुढे अधिकचं चिन्ह टाकलं की ‘अशी एक किंवा जास्त अक्षरं’. चार ओळींचा कोड. आत्या चहा गाळेपर्यंत यादी पडद्यावर.

यादीत पहिला शब्द होता ‘म’, त्याखाली ‘त’, मग ‘य’.

आत्याने चष्मा वर केला. “हे काय गं? हे शब्द आहेत?”

खाली जात गेलो तशी मौज वाढली. ‘विठ्ठल’चे ‘व’, ‘ठ’ आणि ‘ठल’ झाले होते. ‘पंढरपूर’चे ‘प’, ‘ढरप’, ‘र’. ‘माझ्या’चा भुगा: ‘म’, ‘झ’, ‘य’. ‘आई’ शाबूत होती, ‘बाई’चे दोन तुकडे. धड उरलेले शब्द होते ‘घर’, ‘कमळ’, ‘नवल’, ‘वर’. आत्याने तेवढ्यावरूनच रोग ओळखला. बत्तीस वर्षं तिने पहिलीचे वर्ग घेतलेत. म्हणाली, “काना-मात्रा नसलेले शब्द तेवढे येतायत त्याला. पहिलीच्या दिवाळीपर्यंतचा अभ्यास झालाय, पुढचा राहिलाय.”

तांत्रिक भाषेत सांगायचं तर निदान शंभर टक्के बरोबर होतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांची कंप्यूटरसाठीची यादी, आणि त्यात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो. ‘म’, ‘र’, ‘ठ’ आणि ‘आ’, ‘ई’ ही अक्षरं. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह ही मात्र अक्षरं नव्हेत, ती ‘मार्क’, म्हणजे अक्षराला जोडून येणारी चिन्हं. पायथनचा बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं घेतो, आकडे घेतो, अंडरस्कोर घेतो. मार्क घेत नाही. म्हणून ‘मराठी’ हा शब्द त्याला ‘मर’ आणि ‘ठ’ असा दिसतो. (यावर कुठलाही विनोद करणार नाही, तुमचा तुम्ही करा.)

गंमत म्हणजे आकड्यांच्या बाबतीत हीच भाषा एकदम शहाणी. देवनागरीत ‘१९८७’ लिहून पूर्णांक करायला सांगा, निमूट करून देते. आणि पायथन ३ मध्ये तुम्ही व्हेरिएबलचं, म्हणजे कोडमध्ये माहिती ठेवायच्या डब्याचं, नावच ‘मराठी’ ठेवू शकता. खरंच चालतं. नावात काना चालतो, वेलांटी चालते. म्हणजे एकाच भाषेच्या एका खात्यात ‘मराठी’ हे एकसंध नाव आहे, आणि शेजारच्या खात्यात त्याचे दोन तुकडे. सरकारी कचेरीत रेशनकार्डावर एक आडनाव आणि सातबाऱ्यावर दुसरं असावं तसं.

त्या रात्री मी बग रिपोर्ट, म्हणजे पायथन बनवणाऱ्यांना चूक कळवणारी तक्रार, लिहायला घेतला. आयुष्यातला पहिला. दहा वर्षं पायथनवर पोट भरतेय, पण भाषेतच चूक आहे असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती. अनुभवी माणसं सांगतात की अशा वेळी नव्याण्णव टक्के चूक आपलीच असते, त्यामुळे आधी तासभर स्वतःवर संशय घेतला. फाईलचं एन्कोडिंग बघितलं, आवृत्ती बघितली, दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलं. मग राग आला आणि दीड पान लिहिलं. त्यात मराठी बोलणाऱ्यांची संख्या होती, ज्ञानेश्वरी होती, ‘हे एकविसाव्या शतकात शोभत नाही’ असंही एक वाक्य होतं. आज वाचवत नाही.

पाठवण्याआधी नियम वाचले, तेवढं एक बरं केलं. मागणी साधी असते: ज्याने चूक दिसेल असा सर्वांत लहान कोड द्या, तुम्हाला काय अपेक्षित होतं ते सांगा, प्रत्यक्षात काय आलं ते सांगा, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहा. मी कापत गेले. ज्ञानेश्वरी गेली, शतक गेलं, आत्या गेली, ओव्या गेल्या. उरल्या तीन ओळी. ‘मराठी’ दिला, एक शब्द हवा होता, दोन आले.

आणि रिपोर्ट तीन ओळींचा झाल्यावर पहिल्यांदा कळलं की शोधायचं काय. दीड पान शोधता येत नाही. ‘देवनागरी’ आणि ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ शोधता येतं. शोधलं, आणि पहिल्या काही निकालांतच तो सापडला. हाच बग, हीच तक्रार, देवनागरीचंच उदाहरण, मात्रा गळून शब्दांचे तुकडे होतात हेच दुखणं. साल २००७.

२००७ मध्ये मी सातवीत होते.

तेव्हापासून पायथनचं घर दोनदा हललं. २०१७ मध्ये भाषेचा सोर्स कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर गेला. बगच्या तक्रारी मात्र राउंडअप नावाच्या जुन्या नोंदवहीतच राहिल्या, त्या २०२२ मध्ये गिटहबवर आल्या. त्या सामानाबरोबर ही तक्रारसुद्धा ट्रंकेत घालून आणली गेली. मध्ये २०११ मध्ये पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतले जाणकार टॉम क्रिश्चनसेन यांनी पायथनच्या युनिकोड हाताळणीवर एकापाठोपाठ एक अशा बऱ्याच तक्रारी नोंदवल्या, त्यांतली एक नेमकी याचीच. त्यांचा मुद्दा असा की रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी युनिकोडचा एक दस्तऐवज आहे, त्यात ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे काय याची व्याख्या दिलेली आहे, आणि त्या व्याख्येत मार्क येतात. पर्ल ती पाळतं.

हे सगळं वाचताना सुरुवातीला वाटलं, कुणाला पडलेलीच नाही. दोन-तीन रात्री वाचल्यावर मत बदललं. पूर्ण नाही, पण बदललं.

त्याला कारण झाली माझीच एक जुनी करणी. पहिल्या नोकरीत मी एका फॉर्मची तपासणी लिहिली होती: नावात फक्त बॅकस्लॅश-डब्ल्यू चालेल. कुणीतरी देवनागरीत नाव भरलं तर फॉर्म नाकारायचा. ‘अमर’ पास व्हायचा, ‘गगन’ पास व्हायचा, ‘आशा’ नापास. तक्रार आली तेव्हा मी काय केलं? फॉर्मखाली ‘कृपया नाव इंग्रजीत लिहा’ अशी ओळ टाकली आणि तिकीट बंद केलं. तपासावंसंही वाटलं नाही. आज ती ओळ आठवली की कानशिलं गरम होतात.

पण मुद्दा असा की तो फॉर्म कदाचित अजून चालू असेल. उद्या पायथनने बॅकस्लॅश-डब्ल्यू सुधारला तर त्या फॉर्मचं वागणं बदलेल. तिथे ते भल्याचंच होईल. पण कुणीतरी शोधाची अनुक्रमणिका बनवलेली असेल, जुने तुकडे साठवलेले असतील, नवे शब्द त्यांच्याशी जुळणार नाहीत. कुठे एरर येणार नाही, काही कोसळणार नाही, फक्त उत्तर वेगळं येईल. प्रोग्रामरच्या आयुष्यात यापेक्षा वाईट बदल नसतो. कोसळलं तर निदान कळतं तरी.

शिवाय कागदोपत्री बघाल तर हा बगच नाही! ३.८ या आवृत्तीच्या दस्तऐवजात लिहिलं होतं की बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये कुठल्याही भाषेच्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक अक्षरं येतात. ३.१२ च्या दस्तऐवजात वाक्य वेगळं आहे: पायथनचं अमुक फंक्शन ज्यांना अक्षर वा आकडा म्हणतं ती सगळी, आणि अंडरस्कोर. वागणं तेच, वर्णन खरं झालं. मला आधी याचा राग आला, मुलाला पास करता येईना म्हणून अभ्यासक्रमच कमी केल्यासारखा. पण खोटं वचन देणाऱ्या वाक्यापेक्षा हे बरं. जुनं वाक्य वाचून मी फसले असते, नवं वाचून फसायचं कारण नाही. वाचलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

तरी हात शिवशिवत होते. एका शनिवारी पायथनचा सोर्स उतरवला. सी भाषेत लिहिलेला आहे. लिनक्सवर तो बांधायला, म्हणजे त्यातून चालणारा पायथन तयार करायला, दोन आदेश लागतात, आणि कढी उकळायला लागतो तेवढा वेळ. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या इंजिनाची मुख्य फाईल उघडली. वरच फ्रेड्रिक लुंड यांच्या सीक्रेट लॅब्सचा कॉपीराईट, १९९७ ते २००१. पंचवीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा कोड वाचताना जुन्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. कुठली भिंत भार पेलतेय ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

भिंत सापडली. एक ओळ! अक्षर वा आकडा असेल, किंवा अंडरस्कोर असेल, तर शब्दातलं. बस. एवढी एक ओळ ‘विठ्ठल’ फोडत होती.

व्हेरिएबलच्या नावात काय चालतं हे ठरवणारं फंक्शन तयारच होतं, तेच इथे लावलं. बांधलं, चालवलं. ‘मराठी’ अखंड. ‘विठ्ठल’ अखंड. रात्री साडेअकराला एकटीच टाळ्या वाजवल्या. मग सहज ‘मी²’ टाकून पाहिलं, तर चौरस मीटरवरचा दोन गळून पडला. जुन्या नियमात वर चढवलेला दोन हा आकडा म्हणून चालायचा, नावांच्या नियमात चालत नाही. एका गावाची पाईपलाईन जोडताना दुसऱ्या गावाची तोडली. म्हणून नियम बदलण्याऐवजी वाढवला: जुनं चालत होतं ते चालेल, शिवाय हेही. ‘मी²’ परत आला.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या ओव्यांवर हा घरगुती पायथन चालवला. यादी सुरेख आली. आत्याचा अंदाज चुकला, ‘माहेर’ पहिलं नव्हतं, ‘माझ्या’ होतं. (“ते काय शब्द आहे का,” म्हणत तिने ते बाद केलं.) तिला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “खाली जा, खाली. ते ‘हाड’ कुठनं आलं? एकाही ओवीत हाड नाहीये.”

खरंच होतं. ‘हाड’, चार वेळा. आणि थोडं वर ‘कर्’, तेही चार वेळा.

कऱ्हाड! तिच्याच गावाचं हाड मोडलं होतं.

मराठीत र जोडण्याचे दोन प्रकार आपण लहानपणीच शिकतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा, चंद्रकोरीसारखा र कंप्यूटरवर दोन रीतींनी लिहिता येतो. एकात खालचा ठिपका पोटात घेतलेलं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह ठेवायचं. डोळ्याला दोन्ही सारखेच. कंप्यूटरला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. आत्याच्या फायलीत लॅपटॉपवर टाईप केलेलं कऱ्हाड एका रीतीचं होतं आणि मोबाईलवरचं दुसऱ्या. अदृश्य जॉइनर हा व्हेरिएबलच्या नावात चालणाऱ्या चिन्हांत बसत नाही, म्हणून माझी दुरुस्ती तिथे फसली. युनिकोडच्या त्या दस्तऐवजातल्या व्याख्येत जॉइनरसुद्धा धरलाय. मी तो भाग वाचला होता आणि ‘हे कशाला लागतंय’ म्हणून सोडून दिला होता.

ओव्यांचं काम शेवटी सरळ मार्गाने केलं. आधी सगळे अदृश्य जॉइनरवाले र बदलून ‘ऱ’ केले, मग पायथनच्या अंगच्या मॉड्यूलऐवजी ‘रेजेक्स’ नावाचं बाहेरचं मॉड्यूल घेतलं, ज्याला काना-मात्रा कळतात. तुम्हाला मराठी मजकुरावर काम करायचं असेल तर हेच करा, माझ्यासारखा वाडा खणू नका.

पण तो खणलेला पायथन अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. त्याच्या शेजारी एक चाचण्यांची फाईल वाढतेय. त्यात ‘मराठी’ आहे, ‘पंढरपूर’ आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ आहेत, ‘दुःख’ आहे, ‘मी²’ आहे, दोन्ही रीतींचं कऱ्हाड आहे. नवा रिपोर्ट मी टाकला नाही, २००७ चाच सगळं सांगतो. त्याखाली ‘मलाही हाच त्रास होतो’ लिहूनही उपयोग नाही. काही द्यायचंच तर ही फाईल द्यावी असं मनात आहे.

परवा आत्याचा फोन आला. “कळवलंस का त्या लोकांना?”

“कळवलेलंच आहे गं. मी सातवीत होते तेव्हापासून.”

जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या तुझ्या यादीत ‘कुऱ्हाड’ आहे का? आणि ‘तऱ्हा’? लिहून घे. ‘गोऱ्हा’ पण घाल, तो पोरं हमखास चुकवतात.”